गारठ्यात वाकणाऱ्या लहरी

डिसेंबर उजाडला की साताऱ्याच्या वर्तमानपत्रांत एक छायाचित्र ठरलेलं असतं. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, बोटींचा लाकडी धक्का, त्यावर पांढुरका थर आणि तो नखानं खरवडून बघणारे कानटोपीवाले पर्यटक. मथळाही ठरलेला: दवबिंदू गोठले. त्याच बातमीत खाली एक ओळ असते, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. त्या पहाटे गावातला पारा गोठणबिंदूच्या बराच वर असतो, कधी तर दहा अंशांच्याही वर. तलाव गावापासून दोनेक किलोमीटरवर आणि गावापेक्षा खाली. उंच जावं तशी थंडी वाढते असं आपण शाळेत शिकलो. मग खालच्या तलावाकाठी बर्फ आणि वरच्या बाजारपेठेत नुसता गारठा, हे कसं?

आकाश निरभ्र असेल आणि वारा पडलेला असेल, तर रात्रभर जमीन आपली उष्णता वर सोडत राहते. तिला अडवायला ढग नसतात. जमिनीला लागून असलेली हवा तिच्यासोबत गार होते, गार हवा जड, म्हणून ती उतारावरून ओघळत खोलगट जागी येऊन साचते. लाकूड, पानं, जीपचे टप हे तर आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात आणि त्यांच्यावर दव गोठतं. तिथून शे-दोनशे मीटर वर गेलं की हवा उलट उबदार लागते. भूगोलाच्या पुस्तकात याला तापमानाची विपरीतता म्हणतात.

पर्यटक छायाचित्र काढतो, स्ट्रॉबेरी खातो, परत जातो. पण ही बातमी वाचून निराळीच हुरहुर लागणारी एक जमात आहे. पाठपिशवीत बॅटरी, खांद्यावर मासेमारीच्या गळाची फोल्डिंगची काठी किंवा साधा बांबू, गुंडाळलेली तार आणि पुस्तकाएवढं यंत्र घेऊन ही माणसं ऐन थंडीत डोंगरावर निघतात. ही हौशी रेडिओवाली मंडळी, म्हणजे हॅम. त्यांना ठाऊक असतं की ज्या हवेनं तलावाकाठचं दव गोठवलं, त्याच हवेत बिनतारी लहरी वाकतात आणि एरवी जिथे पोचत नाहीत तिथे जाऊन उतरतात.

हॅम म्हणजे कोण, हे थोडक्यात. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यातली वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंग ही शाखा परीक्षा घेते, परवाना देते, आणि परवान्याबरोबर जगात दुसऱ्या कुणाचं नसेल असं एक सांकेतिक नाव मिळतं. भारतातली बहुतेक नावं व्हीयू२ किंवा व्हीयू३ ने सुरू होतात. राजीव गांधींचं होतं व्हीयू२आरजी. या रेडिओवरून धंदा करायचा नाही, जाहिरात करायची नाही, गाणी वाजवायची नाहीत. बोलायचं, प्रयोग करायचे, आणि वेळ पडली तर निरोप पोचवायचे. भारतातले पहिले हॅम म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं ते कोलकात्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू १९२१ साली प्रक्षेपण करू लागले. म्हणजे आपल्याकडे हा छंद शंभरी ओलांडलेला आहे, आणि तरीही शेजाऱ्याला सांगायला गेलं तर तो विचारतो, मोबाइल असताना हे कशाला?

उत्तर देण्याआधी एक गणित करू. सोपं आहे. तुम्ही किती उंचावर आहात ते मीटरमध्ये घ्या, त्याचं वर्गमूळ काढा आणि ३.५७ ने गुणा. तुमचं क्षितिज किती किलोमीटरवर आहे ते मिळतं. साताऱ्याचा अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर, सांगली शहर साधारण ५५० मीटर. फरक ४५० मीटरचा. मधले डोंगर क्षणभर बाजूला ठेवले तर गडावरून दिसणारं क्षितिज येतं ७६ किलोमीटर. सांगली सरळ रेषेत आहे सुमारे ११० किलोमीटर. नजर पोचत नाही.

रेडिओची लहर मात्र नजरेपेक्षा थोडी पुढे जाते. तिच्यासाठी ३.५७ च्या जागी ४.१२ घ्यायचे. मग अजिंक्यताऱ्याचं रेडिओ-क्षितिज होतं ८७ किलोमीटर. सांगलीत कुणी चार-पाच मजली इमारतीच्या गच्चीवर, म्हणजे १६ मीटरवर अँटेना लावला असेल, तर त्याच्या बाजूचे आणखी साडेसोळा मिळवा. झाले साधारण १०४. सहा किलोमीटर कमी पडले! महाबळेश्वरच्या विल्सन पॉइंटवर, १,४३९ मीटरवर चढलं तरी गत तीच. तिथून सांगली दीडशे किलोमीटर, आणि बेरीज येते १३९. सातारा आणि सांगली हे एकेकाळचे एकाच घरचे. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून वेगळा निघालेला जिल्हाच पुढे सांगली झाला. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते आणि कऱ्हाडला कोयनेला पोटात घेऊन सांगलीच्या घाटाला लागते. पण हातातल्या छोट्या यंत्राच्या लहरीला हे नातं मान्य नाही. तिला काही किलोमीटर नेहमी कमी पडतात.

आता ते ४.१२ कुठून आले बघा, कारण सगळी गंमत तिथे आहे. हवेचा अपवर्तनांक जमिनीलगत असतो १.०००३ च्या आसपास, म्हणजे निर्वात पोकळीच्या तुलनेत लहर हवेत अगदी नावापुरती मंद चालते. वर जावं तशी हवा विरळ होते आणि हा आकडा १ कडे सरकतो. त्यामुळे लहरीचा वरचा भाग किंचित वेगात असतो, खालचा किंचित मागे राहतो. बैलगाडीचा एक बैल मंद पडला की गाडी त्याच्या बाजूला वळते, तशी लहर जमिनीकडे वळते. रोजच्या हवेत हा अपवर्तनांक दर किलोमीटर उंचीला साधारण ०.००००४ नं उतरतो, आणि तेवढ्यावर लहरीला ते जास्तीचं अंतर मिळतं. हाच उतार ०.०००१५७ झाला तर? लहरीचा बाक आणि पृथ्वीचा बाक एकच होतो. मग लहर क्षितिजावरून अवकाशात निसटत नाही, जमिनीला समांतर धावत राहते. उतार त्याहून तीव्र झाला तर ती हवेच्या थरातच कोंडली जाते आणि शेकडो किलोमीटर जाऊ शकते. दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या-पाचव्या घरातला हा फरक आहे. श्वास घेताना आपल्याला तो कधी जाणवणार नाही, पण सातारा-सांगलीतले ते सहा किलोमीटर त्यातूनच भरून निघतात.

असा तीव्र उतार कधी मिळतो? खाली गार आणि दमट, वर उबदार आणि कोरडी हवा असेल तेव्हा. म्हणजे वेण्णाकाठच्या पहाटेसारखी. यात तापमानापेक्षा ओलाव्याचा हात मोठा असतो. कृष्णाकाठाला हा ओलावा फुकट मिळतो: नदी, कालवे, आणि मैलोगणती पाणी दिलेला ऊस. वरून मात्र ईशान्येकडून येणारी हिवाळी कोरडी हवा वाहत असते. दोन थर एकमेकांवर बसले की झालं.

आणि हा थर डोळ्यांनी दिसतो! थंडीत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो, गुऱ्हाळं पेटलेली असतात. पहाटे यवतेश्वरच्या घाटात किंवा अजिंक्यताऱ्याच्या तटावर उभं राहून पूर्वेकडे पाहा. धुराडी सरळ वर धूर सोडतात, आणि एका उंचीला पोचला की धूर अचानक आडवा पसरतो, पट्टीनं रेघ ओढावी तसा. खालची गार हवा तिथे संपते आणि वरच्या उबदार हवेत त्याला आणखी चढता येत नाही. हवामानाचा कुठलाही नकाशा न पाहता हॅम ती रेघ बघतो आणि यंत्र चालू करतो. मला स्वतःला या सगळ्या विषयातली ही सर्वांत देखणी गोष्ट वाटते. उसाच्या चिपाडाच्या धुरानं लहरींची वाट आखून द्यावी, यापेक्षा कोल्हापूर-सांगली-साताऱ्याचं भौतिकशास्त्र ते काय असणार?

यातही खोच आहे. थर पातळ असेल तर १४५ मेगाहर्ट्झची दोन मीटर लांबीची लहर त्यात नीट मावत नाही, निसटते; ४३५ मेगाहर्ट्झची आखूड लहर मात्र कोंडली जाते. म्हणून एका यंत्रावर सामसूम आणि दुसऱ्यावर गर्दी, असं एकाच पहाटे होऊ शकतं. शिवाय दाट धुकं उतरलं की काम सोपं होईल असं वाटतं, पण अनेकदा बिघडतं. धुकं म्हणजे वाफेचं पाणी झालेलं. हवेतली वाफच कमी झाली की खालच्या थराचा अपवर्तनांक उतरतो आणि बाक सैल पडतो. धुकं धरण्याच्या आधीचा तास चांगला, हा अनुभवी मंडळींचा ठोकताळा त्यातूनच आला.

ही झाली जमिनीलगतच्या हवेची बाजू. थंडीत डोंगरावर जाण्याचं दुसरं कारण शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर आहे.

ट्रान्झिस्टरच्या काळात वाढलेल्यांना हे आठवेल. दिवसा आकाशवाणीचं सांगली केंद्र १,२५१ किलोहर्ट्झवर ठणठणीत लागायचं, पण आसपासच्या मुलखापुरतं. दिवस मावळला की त्याच पट्टीवर कुठकुठली केंद्रं, अनोळखी भाषा एकमेकींत मिसळून यायच्या. सूर्याची किरणं वातावरणाच्या वरच्या थरांतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात, त्या भागाला आयनांबर म्हणतात. त्यातला सर्वांत खालचा थर दिवसा मीडियम वेव्ह आणि कमी वारंवारतेच्या शॉर्टवेव्ह लहरी गिळून टाकतो. सूर्य गेला की हा थर काही मिनिटांत विरतो. वरचा थर मात्र रात्रीही टिकतो आणि लहरींना खाली परतवतो. हिवाळ्याच्या रात्री लांब, म्हणून ही खिडकीही जास्त वेळ उघडी.

हॅम मंडळींचा आवडता पट्टा ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारे ४२ मीटर तरंगलांबीचा. या आकड्याला आपल्या इतिहासात एक जागा आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जागा बदलत बदलत गुप्तपणे चालवलेला काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवरून बोलायचा. हिशेब केला तर हे होतात ७.०८ मेगाहर्ट्झ, म्हणजे आजच्या हौशी पट्ट्याच्या आतली जागा. तो प्रक्षेपक उभा करण्यात नरिमन प्रिंटर या हौशी रेडिओवाल्याचा हात होता. युद्ध सुरू झाल्यावर सरकारनं हौशी परवाने रद्द केले होते, तरी हात आणि डोकं परवान्याबरोबर जप्त होत नाहीत.

थंडीत हा पट्टा शांत का असतो, त्याचं उत्तर वळिवात आहे. आकाशात वीज कडाडते तेव्हा प्रकाश आणि आवाजाबरोबर ती सगळ्या वारंवारतांवर एक दणका देते. एप्रिल-मेमध्ये वळीव दाटला की रेडिओत नुसती तडतड. परतीच्या पावसातही तेच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे विजा जवळजवळ नसतात. आफ्रिकेतल्या, इंडोनेशियातल्या विजांची खरखर रात्री आयनांबरावरून उड्या घेत येते, पण ती दुरून. त्यामुळे पाच वॉटच्या यंत्रालाही कुणी ऐकण्याची शक्यता वाढते. पाच वॉट म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याएवढी शक्ती.

मग हे घरी बसून का नाही? कारण तो एलईडी दिवाच. त्याच्या आतला स्वस्त वीजपुरवठा, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टच्या मोटारींची नियंत्रणं, सगळे अखंड गुणगुणत असतात. माणसाला ते ऐकू येत नाही, रेडिओला येतं. शहरातल्या गच्चीवर यंत्राचा काटा नुसत्या गोंगाटानं अर्ध्यावर चढलेला असतो. डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या सड्यावर गेलं की तो खाली पडतो, आणि पहिल्यांदा अनुभवणाऱ्याला वाटतं यंत्र बिघडलं.

थंडीत तंबू ठोकून दूरचं ऐकायचं, ही या छंदाची फार जुनी रीत आहे. १२ डिसेंबर १९०१ ला न्यूफाउंडलंडच्या सिग्नल हिलवर बोचऱ्या वाऱ्यात मार्कोनीनं पतंगाला दीडशे मीटर तार बांधून उडवली आणि इंग्लंडहून येणारे तीन ठिपके ऐकल्याचं जाहीर केलं. ऐकायला वापरलेल्या पाऱ्याच्या उपकरणाची मुळं जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या रचनेत असल्याचं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. मार्कोनीनं खरंच ऐकलं का, यावर आजही वाद होतात. वीस वर्षांनंतरच्या पॉल गॉडलेबद्दल मात्र वाद नाही. डिसेंबर १९२१ मध्ये हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडला गेला, आर्ड्रोसनच्या किनाऱ्यावरच्या ओल्या शेतात त्यानं तंबू ठोकला, खांबांवर शेकडो मीटर तार ताणली आणि रात्र रात्र कानाला हेडफोन लावून बसला. अटलांटिकपलीकडच्या कनेक्टिकटमधलं हौशी केंद्र त्यानं ऐकलं, पूर्ण निरोप उतरवून घेतला. त्या केंद्राच्या उभारणीत एडविन आर्मस्ट्राँग होता, ज्यानं पुढे एफएम रेडिओचा शोध लावला. तोवर जाणकार म्हणत, दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरी कुचकामी आहेत, म्हणून तर त्या हौशींना देऊन टाकल्या होत्या. आजही अमेरिकेत जानेवारीच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी हौशी मंडळी बर्फात बसून केंद्रं चालवतात.

आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे अडचणी वेगळ्या. सह्याद्रीच्या सड्यावर जांभा आणि कातळ, खुंटी दोन बोटंही आत जात नाही. तंबूचे ताण आणि अँटेनाचे दोर धोंड्यांना बांधावे लागतात. झाडं खुरटी. म्हणून मधोमध बांबू किंवा गळाची काठी उभी करायची आणि तिच्या टोकापासून दोन्हीकडे सुमारे दहा-दहा मीटर तार उतरती सोडायची. ७ मेगाहर्ट्झसाठी एवढं पुरतं. कास पठारावर जाणार असाल तर अधिक जपायला हवं. २०१२ पासून ते जागतिक वारशाच्या यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे. थंडीत ते वाळून पिवळं पडलेलं, मेल्यासारखं दिसतं, पण कंद आणि बिया त्या बोटभर मातीत झोपलेल्या असतात. तिथे काही ठोकू नये, गाडी आत घालू नये. गवत वाळलेलं असल्यानं शेकोटीही नको. एका ठिणगीनं वणवा लागतो.

थंडीचा खरा शत्रू दव. रात्री अकरानंतर तारेवरून, यंत्रावरून पाणी ओघळायला लागतं. केबल जोडण्याच्या पितळी टोकात ते शिरलं की प्रक्षेपणाची शक्ती तिथेच खाल्ली जाते. रबराची चिकटपट्टी गुंडाळणं आणि केबल जोडणीपाशी खाली झोळ देऊन सोडणं, म्हणजे थेंब झोळावरून गळून जातो, एवढ्यानं भागतं. बॅटरीचं तसं फार बिघडत नाही. यूपीएसमधली १२ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी शून्य अंशाजवळ आपल्या क्षमतेचा सुमारे पाचवा हिस्सा गमावते, पण आपल्याकडे पारा सहसा तिथवर जात नाही. लिथियमची बॅटरी मात्र गोठणबिंदूखाली चार्ज करू नये. वेण्णाकाठी गोठलेल्या पहाटे सौर पट्टी लावायची घाई असेल तर हे लक्षात ठेवावं. बोटं आखडली की मोर्सच्या चावीवर ठिपक्यांच्या रेघा होतात, त्यावर हातमोज्याची टोकं कापणं हाच उपाय. आणि सर्वांत महत्त्वाचं: झाडावर किंवा कड्यावर दोर फेकण्याआधी वर बघा. आग्या मोहोळाला ध्वनिलहरी, रेडिओलहरी यात रस नसतो, दगडात असतो.

यंत्र महागच हवं असंही नाही. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेलं बिट्‌एक्स हे यंत्र बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून घरी जोडता येतं, आणि ते जगभरच्या हॅमनी जोडलं. भारतातून बाहेर गेलेली ही एक मोठी देणगी आहे, तिचं कौतुक परदेशात जास्त झालं.

दहा मीटर उंच खांब मिळाला नाही म्हणून हिरमुसायचं कारण नाही. पाच-सहा मीटरवर आडवी ताणलेली तार आपली बरीचशी शक्ती सरळ डोक्यावर पाठवते. ती आयनांबरावर आपटून कारंज्यासारखी खाली येते आणि सभोवतालच्या तीनेकशे किलोमीटरच्या मुलखावर पडते. डोंगर आड येत नाहीत, कारण लहर आडवी जातच नाही. रात्र सरत येते तसे आयनांबरातले इलेक्ट्रॉन कमी होतात, आणि पहाटेच्या आधी अशी वेळ येते की सरळ वर गेलेली ७ मेगाहर्ट्झची लहर त्याला भेदून निघून जाते. तिरपी गेलेली मात्र अजून परततेच. तेव्हा साताऱ्याला सांगली ऐकू येत नाही, आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचा कुणी शेजारी बसल्यासारखा बोलत असतो. सांगली हवी असेल तर ३.५ मेगाहर्ट्झवर उतरायचं. सांगलीच्या शेजारी, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं रडार सुमारे २ मेगाहर्ट्झच्या लहरी वर पाठवून साठ ते शंभर किलोमीटर उंचीवरचे वारे मोजतं. हॅम ज्या छपराशी खेळतो, त्याच्या खालच्या कडेचा हा अभ्यास.

आता ही डोक्यावरून परतणारी लहर कोयनेच्या खोऱ्यात ठेवून पाहा. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, हजारो घरं पडली, मुंबईच्या कारखान्यांची वीज तुटली. थंडीची पहाट, अंधार, चारी बाजूंना उंच डोंगर. अशा खोऱ्यात हातातला वॉकीटॉकी पुढच्या वळणापर्यंतसुद्धा बोलत नाही, आणि आजचे मोबाइल मनोरे वीज गेल्यावर त्यांच्या बॅटऱ्या पुरतील तेवढेच तास जगतात. सांगलीकरांनी २०१९ च्या महापुरात हे पाहिलं आहे. पाच मीटरवरची वीस मीटर तार, एक बॅटरी आणि ती थंडीत, अंधारात, आखडलेल्या बोटांनी लावण्याचा सराव असलेला माणूस, एवढ्यावर कोयनानगर थेट पुण्याशी, मुंबईशी बोलू शकतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत हे घडून गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद हौसेखातर पोर्ट ब्लेअरला केंद्र चालवायला गेल्या होत्या. त्सुनामीनंतर अंदमानातून मुख्य भूमीकडे निरोप नेणाऱ्या पहिल्या धाग्यांपैकी एक त्यांचं केंद्र ठरलं. त्या काही बचाव मोहिमेवर निघाल्या नव्हत्या. छंद म्हणून सामान तिथे होतं, म्हणून कामी आलं. मोबाइल असताना हे कशाला, या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

थंडीची आणखी एक चैन सांगितल्याशिवाय राहवत नाही. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीच्या दिशेनं उल्कावर्षाव होतो. फेथॉन नावाच्या लघुग्रहानं मागे टाकलेली ही धूळ सेकंदाला ३५ किलोमीटर वेगानं वातावरणात शिरते आणि शंभरेक किलोमीटर उंचीवर जळते. आपल्याला दिसते एक रेघ. पण त्या रेघेत क्षणभर इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि १४४ मेगाहर्ट्झची लहर, जी एरवी सरळ अवकाशात जाते, त्या रेघेवरून परत फिरते. एवढ्या उंचीवरचा आरसा दोन हजार किलोमीटरपर्यंतच्या दोन माणसांना एकाच वेळी दिसतो. टिकतो मात्र सेकंदाचा काही भाग, फार तर काही सेकंद. तेवढ्यात बोलायचं कसं? त्यासाठी संगणकाच्या साहाय्यानं निरोप अतिशय आखूड तुकड्यांत पुन्हा पुन्हा पाठवायची रीत निघाली. त्यासाठीचं सॉफ्टवेअर लिहिणारे जो टेलर हे १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले खगोलशास्त्रज्ञ, आणि शाळकरी वयापासून हॅम. वाळूच्या कणाएवढी धूळ जळून जाताना सह्याद्रीवरचा एक निरोप हिमालयाच्या पायथ्याशी टाकून जाते!

डोंगरावर जाण्याआधी कागद नीट करावेत. हौशी परवान्यावर केंद्राचा पत्ता असतो. तो सोडून दुसरीकडून बोलायचं तर त्यासंबंधीचे नियम आधी पाहून घ्यायचे आणि परवान्याची प्रत खिशात ठेवायची. गडावर तार ताणणारा अनोळखी माणूस पाहून गावकऱ्यांनी चौकशी करणं साहजिक आहे, आणि बहुतेक गड संरक्षित स्मारकं आहेत, तिथे मुक्कामाला परवानगी लागू शकते.

ऐकायला मात्र आजच सुरुवात करता येते. माळ्यावर जुना मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर असेल तर काढा, सेल घाला, दिवस मावळल्यावर एलईडी दिव्यांपासून लांब, शेताच्या बांधावर किंवा टेकडीवर जा आणि एखादं दूरचं केंद्र लागलं की ट्रान्झिस्टर हळूहळू स्वतःभोवती फिरवा. एका दिशेला आवाज पडेल. आतल्या फेराइटच्या दांड्याचं टोक तेव्हा त्या केंद्राकडे किंवा बरोबर उलट दिशेला असतं. घरात सातवी-आठवीतलं चौकस पोर असेल तर त्याच्या हातात द्या. हौशी रेडिओच्या परीक्षेला वयाची बारा वर्षं पूर्ण असणं पुरतं, आणि त्यातल्या रिस्ट्रिक्टेड श्रेणीसाठी मोर्सही यावं लागत नाही.